तीन तज्ज्ञ आणि एक पंच

फुटबॉलचा सामना मी अजूनही बघतो, पण मध्यंतर झालं की टीव्हीचा आवाज बंद करतो. त्या वेळी तज्ज्ञ मंडळी बोलायला बसतात. पंचानं डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिलेला निर्णय ही माणसं दहा मिनिटं उलटासुलटा करून बघतात. चित्र थांबवतात, मागं नेतात, पडद्यावर रेघा ओढतात आणि शेवटी मान हलवून सांगतात की पंच चुकला. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार. मला त्यांचा राग येतो. त्यांचं चुकतं म्हणून येतो असं नाही. बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं. एका रविवारी दुपारी अशाच तीन तज्ज्ञांचं बोलणं मला भर गावासमोर मराठीत करून सांगावं लागलं होतं आणि त्यातलं एक वाक्य मी गिळलं होतं. राग तिथला आहे, आणि तो खरं तर माझ्यावरच आहे.

मी तेव्हा लोहाऱ्याच्या पुढच्या एका गावात हायस्कुलात खेळाचा मास्तर होतो. माझं गाव तामलवाडीच्या बाजूचं. दोन एसट्या बदलून घरी जावं लागायचं, म्हणून महिन्यातून एकदा जायचो. राहायला शाळेच्या मागं पत्र्याची खोली होती. ती गावातही नव्हती आणि बौद्ध वस्तीतही नव्हती, दोन्हींच्या मधल्या माळावर होती. मी बौद्ध घरातला. वस्तीतल्या लोकांना मी आपला वाटायचो, पण पगारदार. मी गेलो की ते मला खुर्ची द्यायचे आणि स्वतः खाली बसायचे. गावातल्या लोकांना मी मास्तर, पण वस्तीतला. ते रामराम करायचे, दोन शब्द बोलायचे, सगळं उंबऱ्याच्या बाहेर. दोन्हीकडं मान होता. पण मानानं संध्याकाळ सरत नाही. पाच वाजता शाळेला कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसायचं, आणि मी स्वभावानं बडबड्या.

याला अपवाद एकच माणूस. गावच्या दूध सोसायटीचा सचिव. माझ्याच वयाचा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कोरडवाहू शेती असलेल्या मोठ्या घरातला आणि गावच्या कबड्डी संघाचा कप्तान. संध्याकाळचं दूध मोजून झालं, कॅन गाडीत चढले की त्याची सायकल माझ्या खोलीकडं वळायची. आला की स्टोव्ह तोच पेटवायचा, कारण माझ्या हातून तो भडकतो असं त्याचं मत होतं. माझ्या पातेल्यातला चहा माझ्या कपातून प्यायचा. त्यानं त्याचा कधी गाजावाजा केला नाही आणि मीही केला नाही. चारचौघांत तो मला ‘मास्तर, तुम्ही’ म्हणायचा. खोलीत पाऊल टाकलं की ‘तू’. गावात मला अरेतुरे करणारा तेवढा एकच होता, आणि ते ऐकण्यासाठी मी दिवसभर वाट बघायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमचं बोलणं मुख्यतः कबड्डीचं. माझ्याकडं नियमांचं पुस्तक होतं, पुण्याहून मागवलेलं, आणि ते मला तोंडपाठ होतं. तो म्हणायचा, “जेवताना बी पुस्तक बघून घास घेतोस का रं?” मी म्हणायचो, तुम्ही लोक घास घेताना तरी कुठं नियम पाळता. असलं काहीतरी. आज ते लिहिताना फार थोर वाटत नाही, पण त्यात तास निघून जायचा.

पंच मी ओघानंच झालो. यात्रेत गावोगावचे संघ यायचे. पंच तिसऱ्या गावचा असावा, सामन्याच्या दिवशी त्यानं दोन्ही गावांपैकी कुणाचं पाणीसुद्धा पिऊ नये, आपलं पाणी आपण आणावं, असा रिवाज होता. एका वर्षी ठरलेला पंच आला नाही. मंडळी अडून बसली. तेव्हा एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “आपले पीटी मास्तर हाईत की. त्ये कुणाचेच न्हाईत. त्येंनाच करा पंच.” दोन्ही गावांना ते पटलं. बोलणाऱ्यानं स्तुती म्हणूनच म्हटलं होतं आणि मीही हसून शिट्टी गळ्यात घातली. ‘कुणाचेच न्हाईत’ हे शब्द मात्र त्या दिवशी खोलीवर जाईपर्यंत पायातल्या काट्यासारखे टोचत राहिले. तेव्हापासून दर वर्षी पंच मीच. पाण्याच्या रिवाजानं माझी आणि गावाची दोघांचीही सोय झाली. मास्तरला कुठल्या भांड्यातून पाणी द्यायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि तो त्यांना पडलाय हे मला बघावं लागलं नाही.

आमच्या भागात आणखी एक रिवाज होता. चढाईला गेलेला गडी परत आला की ‘टिपला, टिपला’ म्हणून ओरडतोच. समोरच्या गड्याला हातपाय लागो न लागो, ओरडायचं. ते ओरडणं खेळाचाच भाग. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. पण पंचाला नीट दिसलं नसेल तर तो खेळ थांबवायचा, त्या गड्याला मधल्या रेषेवर उभा करायचा आणि सगळ्यांदेखत विचारायचा, “लागला का?” तिथं मात्र खोटं बोलायचं नाही. रेषेवर उभं राहून खोटं बोललेल्याला पुढं कुठल्याच गावात संघात घेत नसत, आणि सोयरीक जुळवतानाही कुणीतरी ती गोष्ट काढायचं म्हणे. जुने पंच सर्रास विचारायचे. मला तो प्रकार अडाणीपणाचा वाटायचा. पुस्तकात कुठंही पंचानं खेळाडूला विचारावं असं लिहिलेलं नाही. डॉक्टरनंच रोग्याला विचारावं, बाबा तुला काय झालंय आणि कुठलं औषध देऊ, तसं ते मला वाटे. मी एकदाही कुणाला विचारलं नाही, आणि याचा मला गर्व होता.

ज्या सामन्याबद्दल सांगतोय तो दुष्काळी सालातला. विहिरी खडखडीत झाल्या होत्या, टँकर एक दिवसाआड यायचा आणि बायका पहाटेपासून घागरी ओळीत लावायच्या. कबड्डीचं मैदान आदल्या दिवशी भिजवून, चोपून घट्ट करायची पद्धत. तेवढ्यासाठी पोरांनी चार पिपं पाणी बाजूला काढून ठेवलं होतं. मी ते वाटून टाकायला लावलं. माणसांना प्यायला नाही आणि मातीला कशाला पाजता, असं म्हणालो. सगळ्यांनी वाहवा केली. बोललो ते बरोबरच होतं, आजही मी तेच बोललो असतो. पण कोरड्या मैदानावर खेळ सुरू झाला आणि पहिल्याच पकडीला असा फुफाटा उठला की राखेनं आखलेल्या रेषा दिसेनाशा झाल्या. पुस्तकाप्रमाणं दोन बाजूंना दोन पंच लागतात. आमच्याकडं एकावरच भागायचं.

शेवटचा सामना आमचं गाव आणि शेजारचं गाव यांच्यात. पाहुण्या गावातल्या एकानं सुरुवातीलाच मोठ्यानं शेरा मारला, “पंच अन् कप्तान एकाच कपातनं चा पित्यात म्हणं. बघा बाबा, सांभाळून.” लोक हसले. माझा मित्रही हसला. मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्या एका वाक्यात किती गोष्टी होत्या ते त्या मैदानावर मलाच सगळ्यात जास्त कळत होतं.

खेळ अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईच्या वेळी आम्ही एका गुणानं मागं होतो. चढाईला तोच गेला. डावीकडच्या कोपऱ्यातल्या गड्याकडं सरकत सरकत गेला, वाकला, उलटा फिरला आणि पाय फेकला. मी उजव्या अंगाला होतो. पाय फेकलेला दिसला आणि त्याच्यामागं फुफाटा. तो गड्याच्या नडगीला लागला की नाही, मला काही दिसलं नाही. तो उड्या मारत मधली रेषा ओलांडून आला, दोन्ही हात वर. “टिपला, टिपला.” कोपऱ्यातला गडी जागच्या जागी माझ्याकडं बघत उभा राहिला. लागलं असतं तर हात वर करून त्यानं बाहेर जायचं. तो गेला नाही. पण तो पोरसवदा होता, गांगरलेला होता, त्याच्यावरून काहीच ठरवता येईना.

आणि माझा मित्र, मी बोलावलं नसताना, आपण होऊन मधल्या रेषेवर येऊन उभा राहिला. कमरेवर हात, धापा टाकत, माझ्या डोळ्यांत बघत. मला वाटलं, हा मैत्रीचा दाब टाकतोय. मनात म्हटलं, याला विचारलं तर हा ‘लागला’ म्हणणार. ‘लागला’ म्हणाला की मला गुण द्यावा लागणार. मग चहाचा कप निघणार, माझी खोली निघणार, मी कोण आणि कुठला हेही निघणार. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. पाय कुठं होता, नडगी कुठं होती असलं काहीही माझ्या विचारात नव्हतं. मी शिट्टी मारली आणि दोन्ही हात हलवून ‘नाही’ म्हणून खूण केली. सामना संपला, आमचं गाव हरलं. आमचं म्हणतो खरं, पण पंचाला आमचं म्हणता येत नाही.

पाहुण्या गावानं माझी पाठ थोपटली. पंच असावा तर असा, म्हणाले. शेरा मारणाराही हात जोडून गेला. आमच्या गावात चार दिवस धुसफुस झाली आणि मग पाण्याच्या रांगेत ती विरून गेली. मित्र मात्र त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्यानं मी सोसायटीत दूध घ्यायला गेलो तेव्हा तो उठून म्हणाला, “बसा मास्तर. तुम्ही कशाला आलात, पोराकडं धाडलं असतं.” तिथं आणखी कुणीही नव्हतं. मी बसलो नाही.

पुढची तीन वर्षं असंच चाललं. भांडण नाही, तंटा नाही. समोर आला की रामराम. त्यानं कबड्डी सोडली. गावात कुणी त्या सामन्याचा विषय काढून म्हणायचं की कप्तानावर अन्याय झाला, तर तो तिथून उठून जायचा. मला वाटायचं, रागानं जातो. मी आधी अर्धा लिटर दूध घेत होतो, दोघांच्या चहाचं. काही महिने तसंच घेत राहिलो आणि उरलेलं मांजराला घालत राहिलो. मग एक दिवस पाव लिटरचं भांडं पुढं केलं. माप त्याच्याच हातात असायचं. त्यानं पाव लिटर घातलं आणि खाली मान घालून वहीत लिहिलं. त्या दिवशी मला रडू आलं, माळावर येईपर्यंत मी ते आवरून धरलं.

त्याच्याकडं जाऊन बोलावं असं पुष्कळदा वाटलं. पण काय बोलणार? निर्णय चुकला म्हणावं तर तो चुकलाय की नाही हेही मला माहीत नव्हतं. न बघता दिला म्हणावं तर पंच म्हणून मी कायमचा निकालात. गावात मला जे काही होतं ते एवढंच होतं की मास्तर खरा माणूस आहे. ते घालवायची माझी छाती झाली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळाला नव्हता.

मग सोसायटीत टीव्ही आला. काळापांढरा, लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला सरकतं दार आणि दाराला कुलूप. किल्ली सचिवाकडं. छपरावर लोखंडी नळीचा उंच अँटेना, आणि वारा आला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. पुन्हा दुष्काळाचंच साल होतं, दूध निम्म्यावर आलं होतं, माणसांना काम नव्हतं. त्यामुळं लाईट असली की जे दिसेल ते बघायला सगळा गाव सोसायटीच्या पडवीत बसायचा. पुरुष पुढं, बायका भिंतीकडंला. इंग्रजी काही लागलं की मला बोलावणं यायचं. मला खुर्ची टीव्हीच्या अगदी शेजारी दिलेली असायची, म्हणजे सगळ्या गावाचं तोंड माझ्याकडं आणि माझी पाठ पडद्याकडं, असं अर्धवट तिरकं बसावं लागे.

त्या रविवारी दुपारी परदेशातल्या एका फुटबॉल सामन्याचं चित्रण दाखवत होते. फुटबॉल गावात कुणाला कळत नव्हतं. एका संघाचे शर्ट पट्ट्यांचे, दुसऱ्याचे साधे, एवढीच ओळख. पहिली दहा मिनिटं लोक नुसतं मैदान बघत होते. “एवढं गवत. म्हशी सोडल्या तर दोन साल पुरंल,” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “वरनं पाणी मारत्यात म्हणं त्येच्यावर.”

मध्यंतर व्हायच्या जरा आधी ती भानगड झाली. साध्या शर्टवाल्यानं जोरात चेंडू मारला, तो गोलजवळ उभ्या असलेल्या पट्टेवाल्याच्या अंगावर आपटून बाहेर गेला. साध्या शर्टवाल्यांनी हात लागला म्हणून पंचाला घेरलं. पंच दोन पावलं मागं सरकला, घाम पुसला आणि नाही म्हणून हात हलवले. अगदी मी हलवले होते तसेच. मी खुर्चीत सावरून बसलो. मित्र पेटीच्या दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून उभा होता, किल्ली बोटाला अडकवलेली. आमच्या मध्ये फक्त टीव्ही होता.

मध्यंतरात तीन तज्ज्ञ आले. कोट, टाय, पुढं टेबलावर पाण्याचे तीन भरलेले पेले, आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं, ही गोष्ट आमच्या लोकांच्या आधी लक्षात आली. मग तेच चित्र पुन्हा दाखवलं, सावकाश. चेंडू तरंगत आल्यासारखा आला. समोरून बघितलं तर हाताला लागला असं वाटत होतं. मग बाजूनं दाखवलं, तर फासळीला लागला असं वाटलं. झालेली गोष्ट परत बघता येते, हेच लोकांना पहिल्यांदा कळत होतं.

“काय म्हणत्यात?” मागून विचारणा झाली. मी सांगायला लागलो. पहिला तज्ज्ञ जाडजूड होता, त्याला कसलीच शंका नव्हती. मी सांगितलं, हे म्हणतात हात लागलाच, पंचाला चष्मा द्या. लोक खूष झाले. दुसरा पूर्वीचा खेळाडू असावा. तो म्हणाला की पंच उभा राहिला तीच जागा चुकली, दहा पावलं डावीकडं असता तर दिसलं असतं. मी तेही सांगितलं. “दहा पावलं डावीकडं असता, तर उजवीकडचं न्हाय दिसलं,” एका गुराख्यानं शेरा दिला, आणि मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

तिसरा म्हातारा होता, वाळका. तो स्वतः कधीकाळी पंच होता असं त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. त्यानं पंचाचा चेहरा पडद्यावर थांबवायला लावला आणि शांतपणे म्हणाला, की याला काही दिसलेलं नाही. न दिसणं हा गुन्हा नव्हे, कुणालाही होतं. पण न दिसता यानं जो निर्णय दिला तो चेंडूकडं बघून दिलेला नाही, आजूबाजूच्या माणसांकडं बघून दिलाय.

मी वळून तो चेहरा बघितला. “म्हातारा काय म्हणतोय, मास्तर?” कुणीतरी विचारलं. पडद्यावरचा तो चेहरा माझ्या खांद्यामागं होता आणि समोर सगळं गाव. मी म्हणालो, “ते म्हणतात, पंचाचा निर्णय शेवटचा.” मित्रानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याला एवढं इंग्रजी कळत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी खुर्ची थोडी वळवून घेतली.

तेवढ्यात भिंतीकडंला बसलेली एक म्हातारी बोलली. एका म्हशीचं दूध रोज दोन मैल चालत आणून घालणारी बाई, पदर सावरत म्हणाली, “पर त्या पोराला इचारलं का?”

“कुठल्या पोराला, आजी?”

“ज्येच्या हाताला लागला म्हंत्यात, त्येला. एवढं तीन शाणे बसवल्यात, मिशिन उलटं फिरवत्यात, अन् त्या पोराला कुणीच इचारंना. त्येला रेघंवर हुबा करा अन् इचारा, लागला का. झालं की.”

लोक हसले. मी समजावलं की तिकडं तसं करत नाहीत, पंच खेळाडूला विचारत नसतो. म्हातारी म्हणाली, “मंग त्या पोराची अब्रू कोण राखायचं? खरं बोलायला जागाच न्हाय ठिवली त्येला.” हसणं हळूहळू थांबलं. दोघातिघांना आमचा सामना आठवला असावा. त्यांनी आधी माझ्याकडं आणि मग त्याच्याकडं बघितलं. त्यानं किल्ली पेटीवर ठेवली आणि तो मागच्या दारानं बाहेर गेला. दुसरा डाव सुरू झाला होता. मी खुर्चीतून उठलो आणि त्याच्या मागं गेलो.

तो मागच्या ओट्यावर कॅनची झाकणं फडक्यानं पुसत होता. पाणी नव्हतं म्हणून नुसतीच कोरडी. मी म्हणालो, “मला त्या दिवशी दिसलं नव्हतं.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. वर न बघता.

“फुफाटा होता. मी न बघता नाही म्हणालो. लोक काय म्हणतील म्हणून म्हणालो.”

“त्ये बी ठावं हाय. तुझं तोंड माझ्याम्होरंच व्हतं की.”

तीन वर्षांनी तो मला ‘तुझं’ म्हणाला, आणि मला वाटलं, संपलं, निभावलं. त्याच भरात मी विचारलं. विचारायला तीन वर्षं उशीर झाला होता, पण विचारलं. “लागला होता का?”

त्यानं झाकण खाली ठेवलं. हात धोतराला पुसले आणि सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

“न्हाय लागला,” तो म्हणाला. “बोटभर ऱ्हायला. म्या आरडलो, आरडायचंच असतंय. मंग रेघंवर यिऊन हुबा ऱ्हायलो, तू इचारशील म्हणून. इचारलं असतंस तर समद्या गावाम्होरं सांगितलं असतं, न्हाय लागला म्हणून. हरलोच असतो, पर ताठ मानेनं घरी गेलो असतो. तू इचारलंच न्हाईस. तुला वाटलं, ह्यो खोटं बोलंल.”

मी विचारलं, “मग तीन वर्षं सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? गाव म्हणतंय माझ्यावर अन्याय झाला. ज्येला त्येला धरून सांगत फिरू, की आरडलो त्ये खोटं व्हतं? कुणी इचारलं तर सांगता येतं, मास्तर. न इचारता सांगितलं की त्ये रडगाणं व्हतंय.” त्यानं झाकणं गोळा केली. ‘मास्तर’ म्हणताना आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती, आणि ती मला रागापेक्षा जड गेली. मी त्याला म्हणालो, संध्याकाळी ये, चहा टाकतो. तो म्हणाला, “बघू,” आणि आत गेला. आतून लोकांचा मोठा आवाज आला. कुणीतरी गोल केला असावा.

त्या संध्याकाळी मी वस्तीतून दूध मागून आणलं, अर्धा लिटर. दोन कप घासून ठेवले. दुधाची गाडी गेल्याचा आवाज आला, मग सोसायटीच्या दाराला कुलूप लावल्याचा आला, मग सायकलची घंटी गावाच्या दिशेनं गेली. मी दारात बसून होतो. निर्णय बरोबर होता, हे मला त्या दिवशी कळलं होतं, आणि ते कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. सांगण्यासारखा माणूस गावात एकच होता, आणि त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.